जोजोबा तेल नव्याने वापरणाऱ्यांसाठी: रसायनापासून बाटलीपर्यंत

बदाम, सूर्यफूल, ऑलिव्ह, खोबरेल यांच्या रांगेत जोजोबाची बाटली ठेवलेली असते, म्हणून आपण तेही त्यांच्यापैकीच एक धरून चालतो. रसायनशास्त्राच्या हिशेबाने मात्र ते पातळ मेण आहे. जोजोबा लवकर खवट का होत नाही, फ्रिजमध्ये का थिजतं, चेहऱ्यावर चिकचिकीत का वाटत नाही, त्याचा साबण धड का बनत नाही आणि ते पोटात का घेऊ नये, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिथूनच निघतात. म्हणून या लेखात आधी थोडं रसायन आहे आणि मग वापर. ज्यांना घाई आहे त्यांनी चौथ्या पायरीपासून वाचायला हरकत नाही, पण प्रश्न पडले की वर यावं लागेल.

पायरी १: हे येतं कुठून

जोजोबाचं झुडूप मूळचं सोनोरन वाळवंटातलं, म्हणजे ॲरिझोना, दक्षिण कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोतला सोनोरा व बाहा कॅलिफोर्नियाचा कोरडा पट्टा. उच्चार खरं तर ‘होहोबा’ असा आहे. शास्त्रीय नाव सिमोंडसिया चायनेन्सिस. नावात चीन असला तरी झाडाचा चीनशी काडीचाही संबंध नाही. नामकरणाच्या वेळी झालेला घोळ तसाच चिकटून राहिला. हे नाव लक्षात ठेवा, लेबल वाचताना लागेल. तिथले ओओडाम लोक या बिया वाटून त्याचा लेप त्वचेला आणि केसांना लावत आले आहेत. बीच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग हे मेण असतं आणि ते नुसत्या दाबाने निघतं. आता इस्राएल आणि अर्जेंटिनातही याची मोठी लागवड होते.

हे साधं तेल नाही हे १९३० च्या दशकातच रसायनशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं होतं, पण त्याला बाजार मिळाला तो देवमाशांमुळे. स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल यंत्रांच्या वंगणात आणि सौंदर्यप्रसाधनांत सर्रास वापरलं जाई. १९७० च्या सुमारास अमेरिकेने या माशाला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातलं आणि त्याच्या तेलाची आयात थांबली. त्या तेलातही मेण-एस्टरच, म्हणजे जोजोबात असतात तसेच मेणाचे रेणू, मुबलक होते, त्यामुळे पर्याय शोधणाऱ्यांची नजर वाळवंटातल्या या बीकडे वळली.

पायरी २: रेणू एकदा नीट बघून घ्या

नेहमीच्या वनस्पती तेलाचा रेणू शेतातल्या दाताळ्यासारखा समजा: ग्लिसरॉलची आडवी पट्टी आणि तिला अडकवलेले मेदाम्लांचे तीन लांब दाते. याला ट्रायग्लिसराइड म्हणतात. जोजोबात ती पट्टीच नाही. एक लांब मेदाम्ल आणि जवळपास तेवढंच लांब मेद-अल्कोहोल टोकाला टोक जोडून एक सरळ साखळी झालेली असते, सांध्यावर एस्टर बंध. अशा मेण-एस्टरांचं प्रमाण जोजोबात ९७ टक्क्यांच्या आसपास जातं. उरलेल्या थोड्याशा भागात मोकळी मेदाम्लं, मोकळी अल्कोहोलं, वनस्पती स्टेरॉल आणि ई जीवनसत्त्वाच्या गटातली टोकोफेरॉलं येतात.

आम्लाच्या बाजूला मुख्यतः २० कार्बनचं आयकोसेनॉइक ॲसिड असतं, त्याच्या जोडीला थोडं २२ कार्बनचं इरुसिक आणि १८ कार्बनचं ओलेइक. अल्कोहोलच्या बाजूला बहुतांशी २० आणि २२ कार्बनच्या साखळ्या. बेरीज केली तर बहुतेक रेणू ४० किंवा ४२ कार्बनचे भरतात. वनस्पतींच्या तेलांत असा प्रकार फार दुर्मीळ आहे. म्हणूनच जोजोबाचं एवढं कौतुक.

आता प्रश्न पडेल की मेण आहे तर पातळ कसं? मधमाशीच्या मेणातही मेण-एस्टरच मोठ्या प्रमाणात असतात, पण ते ६२ ते ६४ अंश सेल्सिअसपर्यंत घट्ट राहतं, कारण त्याच्या साखळ्या बहुतेक सरळसोट असतात आणि एकमेकींना लगटून बसतात. जोजोबाच्या रेणूत सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक दुहेरी बंध असतो. त्या जागी साखळीला बाक येतो आणि मग रेणू एकमेकांवर नीट रचले जात नाहीत. परिणामी जोजोबा साधारण ७ ते १० अंशांपर्यंत पातळ राहतं. या स्पष्टीकरणाची खातरी करून घ्यायची असेल तर कारखान्यात जे करतात ते पाहा: हायड्रोजन जोडून हे दुहेरी बंध मिटवले की त्याच जोजोबाचं कडक पांढरं मेण होतं, आणि ते वितळायला ७० अंशांच्या आसपास तापमान लागतं. लिपस्टिकला आकार देणारं आणि स्क्रबमधले गोल दाणे बनवणारं हायड्रोजनेटेड जोजोबा ते हेच.

टिकाऊपणाचं कारणही याच दुहेरी बंधांत आहे. तेल खवट होतं ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे, आणि ऑक्सिजनचा सगळ्यात सोपा हल्ला होतो तो जवळजवळ असलेल्या दोन दुहेरी बंधांच्या मधल्या कार्बनवर. सूर्यफूल किंवा जवसाच्या तेलात अशा जागा भरपूर असतात. जोजोबात प्रत्येक साखळीत दुहेरी बंध एकच, आणि दोन साखळ्यांतले बंध एकमेकांपासून पुष्कळ लांब. त्यात टोकोफेरॉलांचं संरक्षण. त्यामुळे सूर्यफूल तेल वास मारू लागतं त्या काळातही जोजोबा ठणठणीत असतं. ‘कधीच खराब होत नाही’ असं जे ऐकायला मिळतं ते मात्र खरं नाही. सावकाश होतं, पण होतं.

याच पायरीत एक गाजलेला दावा तपासून टाकू: ‘जोजोबा म्हणजे हुबेहूब त्वचेचं नैसर्गिक तेल.’ आपल्या त्वचेतल्या ग्रंथी जे तेल सोडतात, ते सीबम, त्यात ट्रायग्लिसराइड आणि मोकळी मेदाम्लं मिळून निम्म्याहून जास्त भरतात. मेण-एस्टर साधारण पाव हिस्सा आणि स्क्वालीन नावाचा तेलकट पदार्थ एक दशांशाच्या थोडं वर. म्हणजे सीबमच्या एका घटकाशी जोजोबाचं साम्य आहे. बाकीच्या तेलांत मेण-एस्टर जवळजवळ नसतातच, तेव्हा साम्य खरं आहे, पण ‘हुबेहूब’ हा शब्द विकणाऱ्याचा. त्यातही माणसाच्या त्वचेतले मेण-एस्टर आणि जोजोबातले एस्टर यांच्या साखळ्यांची लांबी आणि ठेवण वेगळी असते.

पुढचा दावा याहून धाडसी: जोजोबा लावलं की त्वचेला वाटतं तेल पुरेसं आहे आणि ती स्वतःचं तेल कमी बनवते. सीबमचा वेग मुख्यतः अँड्रोजन गटातल्या संप्रेरकांवर ठरतो. वर काय चोपडलं आहे हे बघून ग्रंथी काम आवरतं घेतात, याला पुरावा नाही. तेलकट त्वचेवरचा उपाय म्हणून कोणी जोजोबा सुचवलं तर एवढं लक्षात असू द्या.

पायरी ३: लेबल वाचा

शुद्ध तेल घेताना घटकांच्या यादीत एकच ओळ हवी: सिमोंडसिया चायनेन्सिस सीड ऑइल. पुढे आणखी काही लिहिलेलं असेल, तर ते मिश्रण आहे. मिश्रण वाईटच असतं असं नाही, पण मग त्याला शुद्ध जोजोबाचा भाव देऊ नये.

सोनेरी आणि रंगहीन असे दोन प्रकार दिसतील. सोनेरी म्हणजे दाबून काढून गाळलेलं. त्याला सौम्य, कवचफळांसारखा वास असतो आणि टोकोफेरॉलं बरीचशी शाबूत असतात. रंगहीन म्हणजे शुद्धीकरण करून रंग आणि वास काढलेलं. त्यात टोकोफेरॉलं काहीशी कमी होतात, पण मेण-एस्टर तेच राहतात. स्वतःच्या चेहऱ्यासाठी मी सोनेरी घेते. सुगंधी मिश्रण किंवा फिकट रंगाचा बाम करायचा असेल, तर रंगहीन जास्त सोयीचं. यात उच्च-नीच असं काही नाही.

क्रीम, शाम्पू वगैरेंच्या पुढच्या बाजूला ‘जोजोबायुक्त’ असं ठळक छापलेलं असतं. तिकडे न बघता मागची यादी बघा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, आणि एक टक्क्याच्या खालचे घटक पुढेमागे लिहिण्याची मुभा असते. फिनॉक्सीइथेनॉल हे प्रिझर्वेटिव्ह सहसा एक टक्क्यापर्यंतच घालतात. तेव्हा यादीत जोजोबा त्याच्या नंतर आलं असेल, तर त्या डबीत ते बहुधा एक टक्कासुद्धा नाही. नाव छापण्यापुरतं घातलेलं आहे.

‘जोजोबा एस्टर्स’ हे नाव दिसलं तर गोंधळू नका. तेल आणि त्याचंच हायड्रोजनेटेड मेण एकत्र करून साखळ्यांची अदलाबदल घडवली की वेगवेगळ्या घट्टपणाचे पदार्थ मिळतात, लोण्यासारख्या मऊपासून कडकपर्यंत. ते हे. आणि नावापुढे ‘पेग’ लागलं असेल तर तो पाण्यात मिसळावा म्हणून बदललेला जोजोबा, फेसवॉशमध्ये वापरतात तो.

बाटली गडद काचेची, लहान आणि घट्ट झाकणाची घ्या. पहिल्यांदाच घेत असाल तर ३० मिली पुष्कळ झालं. एका वेळी लागतात थेंब, चमचे नव्हेत.

पायरी ४: घरच्या घरी तपासा

जोजोबा महाग असतं, म्हणून त्यात स्वस्त तेल मिसळण्याचा मोह अनेकांना होतो. प्रयोगशाळेशिवाय पक्की खातरी होत नाही, पण दोन सोप्या चाचण्या एकत्र केल्या तर ढोबळ फसवणूक पकडता येते. एकत्र हे महत्त्वाचं आहे; का ते पुढे कळेल.

पहिली वजनाची. त्यासाठी ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा आणि अरुंद मानेची एक काचेची बाटली लागेल. कोरडी बाटली काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. मानेवर बारीक पेनाने रेघ मारा आणि रेघेपर्यंत पाणी भरून वजन लिहून ठेवा. पाणी ओतून बाटली पूर्ण वाळू द्या. आत एक थेंब राहिला तरी हिशेब बिघडतो, म्हणून सरळ रात्रभर उपडी ठेवलेली बरी. मग बाटली पुन्हा काट्यावर ठेवून शून्य करा आणि त्याच रेघेपर्यंत जोजोबा भरा. पाण्याचा किंवा तेलाचा पृष्ठभाग कडेला किंचित वर चढलेला दिसतो; दोन्ही वेळा मधला खोलगट भाग रेघेला टेकला पाहिजे. आता तेलाच्या वजनाला पाण्याच्या वजनाने भागा.

खोलीच्या तापमानाला जोजोबाचं उत्तर ०.८६ ते ०.८७ च्या दरम्यान येतं. बदाम, सूर्यफूल, ऑलिव्ह यांचं ०.९१ ते ०.९२ येतं. समजा बाटलीत ५० ग्रॅम पाणी मावलं, तर जोजोबा ४३ ग्रॅमच्या थोडं वर भरेल आणि बदाम तेल साडेपंचेचाळीसच्या पुढे. दोन ग्रॅमांहून जास्तीचा हा फरक साध्या काट्यावरही ठसठशीत दिसतो. बाटली ३० मिलीचीच असेल तर फरक दीड ग्रॅमापेक्षा कमी राहतो, तेव्हा तिथे रेघ फार काटेकोरपणे पाळावी लागते.

दुसरी थंडीची. छोट्या पारदर्शक बाटलीत चमचाभर तेल घेऊन रात्रभर फ्रिजच्या खालच्या खणात ठेवा, जिथे तापमान ४ अंशांच्या आसपास असतं. जोजोबा आधी धूसर होतं आणि मग फिकट पिवळं, अपारदर्शक होऊन थिजतं. बाटली आडवी केली तरी ते ओघळत नाही. बाहेर काढून तळहातात धरलं की काचेच्या कडेने वितळायला लागतं आणि मधला गोळा सगळ्यात शेवटी विरघळतो. यात तेलाचं काहीही नुकसान होत नाही. थंडीच्या दिवसांत बाटलीतलं तेल आपोआप थिजलं तरी घाबरू नका. कोमट पाण्यात बाटली धरा, झालं.

आता एकत्र का? फ्रिजमध्ये ऑलिव्ह तेलही घट्ट होतं आणि खोबरेल तर होतंच, तेव्हा ‘थिजलं म्हणजे शुद्ध’ हा निष्कर्ष फसवा आहे. ऑलिव्ह काट्यावर सापडतं. उलट मिनरल ऑइलची घनता जोजोबाच्या जवळपास येऊ शकते, म्हणजे काटा त्याला सोडून देईल. पण ते फ्रिजमध्ये पातळच राहतं. एका चाचणीतून निसटणारं दुसरीत अडकतं. थोडक्या प्रमाणात केलेली भेसळ मात्र या दोन्हींतून सुटू शकते, ती गॅस क्रोमॅटोग्राफी या प्रयोगशाळेतल्या तपासणीनेच कळते.

पायरी ५: आधी कोपराच्या आत

जोजोबाची ॲलर्जी क्वचितच होते, पण होऊ शकते. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर एक थेंब सकाळ-संध्याकाळ आठवडाभर लावा. खाज, लाली, पुरळ यांपैकी काही दिसलं तर वापर थांबवा. एका दिवसात काही झालं नाही म्हणून चाचणी संपवू नका, संपर्काची ॲलर्जी अनेकदा उशिरा उमटते.

पायरी ६: चेहऱ्यावर

जोजोबात पाणी नाही आणि ते पाणी ओढूनही घेत नाही. त्वचेत आहे तो ओलावा उडून जाण्याचा वेग ते कमी करतं आणि वरचा खरखरीतपणा मऊ करतं. यावरून लावण्याची वेळ ठरते: चेहरा धुऊन हलकेच टिपल्यावर, त्वचा अजून ओलसर असताना. तीन ते पाच थेंब तळव्यावर घ्या, दोन्ही तळवे एकमेकांवर दाबा आणि मग चेहऱ्यावर दाबून लावा. चोळायची गरज नाही. कोरड्याठाक त्वचेवर लावलं तर ती नुसती तुळतुळीत दिसेल, आतून ओढल्यासारखं वाटणं तसंच राहील. ग्लिसरीन किंवा हायलुरोनिक ॲसिड असलेलं सीरम वापरत असाल, तर आधी ते आणि त्यावर जोजोबा.

ते ऑलिव्ह तेलापेक्षा पातळ असतं आणि पटकन पसरतं, म्हणून बोटांना चिकटपणा जाणवत नाही. लोक म्हणतात ‘त्वचेत मुरलं’. खरं तर बराचसा भाग वरच्या थरातच पातळ पसरलेला असतो.

जोजोबात ऊन अडवण्याची म्हणावी अशी ताकद नाही. सनस्क्रीनच्या डबीत किंवा तळव्यावरच्या सनस्क्रीनमध्ये त्याचे थेंब मिसळू नका. सनस्क्रीनचा थर विस्कळीत होतो आणि छापलेलं संरक्षण मिळत नाही. दिवसा सनस्क्रीन, रात्री जोजोबा, ही वाटणी सोपी.

मेकअप काढायला ते खरोखर उत्तम आहे, आणि माझ्या मते नवख्या माणसाने पहिल्यांदा याच कामासाठी वापरून बघावं. लिपस्टिक, काजळ, न धुपणारा मस्कारा यांत मेणं आणि तेलं असतात. ती पाण्याला दाद देत नाहीत, पण तेलात सुटतात. चेहरा आणि हात दोन्ही कोरडे हवेत. अर्धा चमचा तेल घेऊन मिनिटभर गोल-गोल मळा, डोळ्यांच्या कडेला बोट अगदी हलकं ठेवा, मग कोमट पाण्यात पिळलेल्या मऊ कापडाने पुसा. इथे बरेच जण थांबतात. शुद्ध जोजोबात इमल्सिफायर, म्हणजे तेल पाण्यात मिसळवणारा पदार्थ, नसतो, म्हणून नुसत्या पाण्याने ते निघत नाही. त्यात सुटलेला मेकअपही त्वचेवर तसाच राहतो. यानंतर सौम्य फेसवॉश लावलाच पाहिजे. डोळ्यांत गेलं तर काही वेळ धूसर दिसतं, त्यामुळे कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढून ठेवा.

मुरुमांचं काय? छिद्रं बुजवण्याच्या शून्य ते पाच अशा मोजपट्टीवर जोजोबाला बहुधा दोन गुण देतात. त्या मोजपट्टीचा पाया सशाच्या कानावर केलेले प्रयोग आहेत. माणसाच्या चेहऱ्याला ती तंतोतंत लागू होत नाही. २०१२ मध्ये जर्मनीत माती आणि जोजोबाच्या लेपाचा सौम्य मुरुमांवर अभ्यास झाला आणि त्यात सुधारणा दिसली, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यामुळे श्रेय जोजोबाचं, मातीचं की नुसत्या नियमित निगेचं, हे त्यातून सांगता येत नाही. मुरुमांचा त्रास असेल तर गालाच्या एका बाजूला तीन-चार आठवडे लावून बघा आणि दुसरी बाजू तशीच ठेवा. तुमच्या त्वचेपुरतं उत्तर मिळेल. पू धरलेले, दुखरे मुरुम असतील तर तेलाच्या नादी न लागता त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

पायरी ७: केस, ओठ, नखं

केसांच्या बाबतीत खोबरेल आणि जोजोबा यांना एकमेकांचे पर्याय समजू नका. खोबरेल केसाच्या दांड्यात शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, हे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं आहे. जोजोबाचं काम वरून लेप देण्याचं: खवल्यांवर पातळ थर बसतो, केस एकमेकांवर घासत नाहीत, गुंता कमी होतो, चमक येते. म्हणून धुण्याआधी खोबरेल आणि धुतल्यावर, केस दमट असताना, टोकांना जोजोबाचे दोन-तीन थेंब. केस लांब आणि दाट असतील तर आणखी दोन. याहून जास्त झालं तर दुसऱ्या दिवशी बटा चिकटलेल्या दिसतात.

टाळूला लावायचं असेल तर रात्री थोडं लावून सकाळी धुवा. सुकलेली खपली त्याने मऊ होते. कोंड्यामागच्या बुरशीवर मात्र तो उपाय नाही, त्यासाठी औषधी शाम्पू लागतो. केस वाढवण्याच्या दाव्यांना माणसांवरचा ठोस आधार नाही.

दाढीसाठी, नखांच्या कडेच्या सुकलेल्या कातडीसाठी, टाचांसाठी बिनदिक्कत वापरा. न्हाणीघरात मात्र जपून, फरशीवर सांडलेले चार थेंब माणसाला आडवं करतात.

पायरी ८: स्वतः काही बनवायचं असेल तर

ओठांसाठी बाम हा सुरुवातीला सगळ्यात सोपा. १० ग्रॅम मधमाशीचं मेण, १२ ग्रॅम शिया बटर, २८ ग्रॅम जोजोबा. मेण आणि जोजोबा एका काचेच्या भांड्यात घेऊन ते भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. थेट आचेवर नको. मेणाचा शेवटचा तुकडा विरघळला की खाली उतरवा आणि मग शिया घाला. डबीत ओतण्याआधी एक थेंब गार चमच्याच्या पाठीवर टाका, मिनिटभर थांबा आणि बोट फिरवा. बोटावर जेमतेम तेलाचा ओशटपणा आला आणि थेंब ओरखड्यासारखा निघाला, तर बाम फार कडक आहे. चमचाभर जोजोबा वाढवा. थेंब चिखलासारखा सरकला, तर थोडं मेण. बोटाच्या उबेने कडा मऊ होऊन पातळ थर उतरला की जमलं. ओतलेल्या डब्या लगेच थंड जागी ठेवा, कारण शिया सावकाश गार झालं की त्यात रवाळ कण धरतात.

सुगंधी तेलं, म्हणजे इसेन्शियल ऑइल, कधीही थेट त्वचेवर लावत नाहीत. ती विरळ करायला जोजोबा चांगलं, कारण त्याला स्वतःचा वास फारसा नाही आणि ते टिकतं. चेहऱ्यासाठी एक टक्क्याच्या वर जाऊ नका. ३० मिली जोजोबात एक टक्का म्हणजे ०.३ मिली, साधारण सहा थेंब. सालीतून दाबून काढलेली बर्गमॉट आणि लाइमची तेलं लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. ती चेहऱ्याच्या मिश्रणात नकोतच.

नुसत्या तेलाच्या मिश्रणाला प्रिझर्वेटिव्ह लागत नाही, कारण जंतूंना वाढायला पाणी हवं आणि इथे ते नसतं. ज्या क्षणी कोरफडीचा गर, गुलाबपाणी किंवा ताजी पानं त्यात पडतात, त्या क्षणी हा नियम संपतो. तिथे इमल्सिफायर आणि प्रिझर्वेटिव्ह दोन्ही लागतात. समाजमाध्यमांवरच्या बऱ्याच घरगुती पाककृती हे सांगतच नाहीत, आणि आठवडाभरात डबीत बुरशी येते.

साबण बनवणाऱ्यांसाठी थोडं अधिक. कॉस्टिक सोड्याने ट्रायग्लिसराइड फुटलं की साबण आणि ग्लिसरीन मिळतं. जोजोबा फुटलं की साबण आणि मेद-अल्कोहोल मिळतं, आणि ते अल्कोहोल काही साबण होत नाही. वजनाच्या जवळपास अर्धा भाग तसाच उरतो. म्हणून त्याला सोडाही फार कमी लागतो: एक ग्रॅम खोबरेलाला सुमारे ०.१८ ग्रॅम, तर एक ग्रॅम जोजोबाला सुमारे ०.०६६ ग्रॅम. दोन्हींचा हिशेब एकाच आकड्याने केला तर सोडा शिल्लक राहून साबण त्वचा जाळेल. प्रमाण एकूण तेलाच्या पाच टक्क्यांवर ठेवा, दहाच्या पुढे फेस मरतो. सोडा हाताळताना हातमोजे आणि चश्मा हवाच.

पायरी ९: काय करू नये, आणि कसं ठेवावं

पोटात घेऊ नका. आपल्या पचनसंस्थेला हे मेण-एस्टर नीट फोडता येत नाहीत, त्यामुळे ते बरंचसं तसंच बाहेर पडतं आणि जुलाब होऊ शकतात. त्यात इरुसिक ॲसिडही असतं, आणि ते जास्त प्रमाणात खाणं चांगलं नाही. ‘नैसर्गिक आहे, कॅलरी कमी आहेत’ म्हणून स्वयंपाकात वापरण्याचा सल्ला कोणी दिला तर कानाआड करा. उघड्या जखमेवर किंवा ताज्या भाजल्यावर लावू नका. मालिशसाठी वापरत असाल तर एवढं ध्यानात असू द्या की कुठलंही तेल लॅटेक्सला कमकुवत करतं; लॅटेक्सच्या कंडोमबरोबर जोजोबा चालत नाही.

बाटली उजेडापासून आणि उष्णतेपासून दूर ठेवा. खिडकीची कड आणि गॅसच्या वरचं फडताळ या दोन सगळ्यात वाईट जागा. फ्रिजची गरज नाही. ओली बोटं किंवा ओला ड्रॉपर बाटलीत घालू नका, आणि ड्रॉपरचं टोक त्वचेला टेकवू नका. झाकणावर उघडल्याची तारीख लिहून ठेवा. नीट ठेवलं तर दोन वर्षं सहज जातं. उघडल्यावर लगेच एकदा वास घेऊन तो लक्षात ठेवा. पुढे कधी मेणरंगांच्या खडूंसारखा किंवा जुन्या रंगाच्या डब्यासारखा तिखट वास आला, तर ते तेल चेहऱ्यावर लावू नका. टाकताना मोरीत न ओतता कागदावर शोषून कचऱ्यात टाका. मेकअप पुसलेली कापडं गरम पाण्यात साबणाने धुवा, नाहीतर चार-पाच धुण्यांनंतर कापडाला तोच वास धरतो.